नळीमागचं पान

कुठलीही पातळ वस्तू हातात आली की कुसुमताई डेकाटे ती आधी उजेडाकडे धरून पाहत. सरबत, विहिरीचं पाणी, तीर्थ, औषधाचा काढा, सगळ्याचीच ही तपासणी व्हायची. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी मठ्ठ्याचा पेला असाच वर धरला. शेजारची बाई हसली, "अवं कुसुम, मठ्ठ्यातून काय दिसते तुले?"

"काहीच दिसत नाई," ताई म्हणाल्या. "आता हे दिसलं न मले."

ताई गेल्या त्याला आता बरेच दिवस झाले. तरी घरात कुणी पाण्याचा पेला उचलला की माझं लक्ष आधी खिडकीकडे जातं. दुःख करायची माझी रीत बहुधा हीच असावी. मोठ्याने रडणाऱ्यांतला मी नाही.

हिंगणघाटात कापूस बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका डॉक्टरसाहेबांचा दवाखाना होता. त्याच्या जिन्याखाली उत्तरेच्या बाजूला खिडकी असलेली एक खोली होती. तीच ताईंची प्रयोगशाळा. ताई मूळच्या आर्वी तालुक्यातल्या रोहण्याच्या. यजमान गिरणीत होते, ते लवकर गेले. नंतर ताईंनी वर्ध्याला राहून तपासणीचं शिक्षण घेतलं आणि या खोलीत येऊन बसल्या. रक्त, थुंकी सगळंच तपासायच्या, पण गर्दी असायची ती लघवीच्या बाटल्यांची. मागून लोक त्यांना 'मुतवाली बाई' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "आटा दळते त्याले आटावाला म्हणते, मले काऊन राग यावा?" असं त्या म्हणत.

लोकांना मात्र लाज फार. पुरुषमाणसं बाटली कागदात गुंडाळून, पिशवीत घालून, पिशवीवर भाजीची जुडी ठेवून आणायची आणि टेबलावर ठेवताना भिंतीकडे पाहायची. कापडाच्या एका शेठजींनी तर लग्नाच्या पत्रिकेत गुंडाळून आणली होती. ताईंनी पत्रिका उलगडून नीट वाचली. "तारीख त उलटून गेली न शेठजी. आमाले बोलावलं नाई, अन आता आहेर पाठवून राह्यले!" शेठजी त्या दिवशी पहिल्यांदा ताईंच्या तोंडाकडे पाहून बोलले म्हणतात.

माझी त्यांची ओळख एका गैरसमजातून झाली. नव्वद-एक्क्याण्णवचा सुमार असेल. मी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. एका दुपारी एक ठेंगण्या, ठसठशीत बाई आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, फाटकं पुस्तक आहे काय तुमच्याजवळ? एक पान पाह्यजे."

"पान? कशाबद्दलचं?"

"कशाचंही चालते. अक्षर बारीक पाह्यजे अन मी वाचलेलं नसाव."

मला ते आवडलं नाही. पुस्तकाचं पान मागणारा माणूस भजी बांधणार, असा माझा अनुभव होता. मी कपाळाला आठ्या घातल्या असणार, कारण त्या म्हणाल्या, "रागावू नोका जी. या एकदा, दाखवतो."

मी गेलो. त्यांनी काचेच्या नळीत तीन बोटं लघवी घेतली, नळी तिरपी धरली आणि स्पिरिटच्या दिव्यावर तिचा फक्त वरचा भाग तापवला. खालचा भाग तसाच ठेवला, म्हणजे एकाच नळीत तापलेलं आणि न तापलेलं शेजारी शेजारी पाहता येतं. वरच्या भागात धुक्यासारखं काही जमू लागलं. मग त्यात आम्लाचे दोन-चार थेंब टाकले. "आता पाहा. ढग विरला त साधे क्षार. राह्यला त प्रोटीन. जे रक्तात राह्याव ते बाहेर पडून राह्यलं."

ढग राहिला. त्यांनी नळी खिडकीपाशी नेली. तिथे एका पुठ्ठ्यावर छापील पान चिकटवलेलं होतं. त्याच्यापुढे नळी धरून त्या एका डोळ्याने पाहू लागल्या. नळीतून अक्षरं स्वच्छ वाचता आली तर काही नाही. जरा पुसट झाली तर 'किंचित'. ओळी दिसतात पण अक्षरं लागत नाहीत, तर त्याहून जास्त. ओळीही बुडाल्या तर माणसाला लगेच वर डॉक्टरसाहेबांकडे पाठवायचं.

"मग पान बदलायचं कशाला?" मी विचारलं.

"महिनाभर एकच पान वाचलं का पाठ होते. मंग डोळा वाचत नाई, आठवते. नळी गढूळ असली तरी मले साफ वाचता येते! पाठ झालेलं पान लबाड असते, भाऊ."

मी आयुष्यभर पुस्तकांत राहिलो, पण वाचणं आणि आठवणं यांतला हा भेद मला कुणी असा दाखवला नव्हता. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाद झालेल्या पुस्तकातलं एक पान मी जिन्याखालच्या खोलीत पोचवू लागलो. कधी शेतीचं, कधी प्रवासवर्णनातलं, कधी कुठल्याशा विस्मरणात गेलेल्या कादंबरीचं. ताई ते चिकटवण्याआधी कधीच वाचत नसत. महिना संपला की मात्र पुठ्ठ्यावरून सोडवून सावकाश वाचत आणि म्हणत, "अर्धीच गोष्ट आहे जी. पुढं त्या पोरीचं काय झालं?" पुस्तकाचे उरलेले अवशेष धुंडाळून मला सांगावं लागे.

हे सगळं फार सुरळीत चाललं होतं असं नाही. त्यांच्या हातून एक चूक झाली होती, ती गाव विसरलं नाही.

गोविंदराव म्हणून एक वयस्क गृहस्थ होते. शेती मुलांवर सोपवून ते गावात राहायला आले होते. कसल्याशा तापानंतर डॉक्टरसाहेबांनी त्यांची लघवी तपासायला सांगितली. ताईंनी नळी तापवली तर वरचा भाग दह्यासारखा झाला. ओळीच काय, पुठ्ठासुद्धा दिसेना. त्यांनी तसं लिहून दिलं. घरात रडारड झाली. गोविंदरावांचं मीठ बंद, डाळ बंद. मुलाने त्यांना नागपूरला नेलं. तिथे तपासणी झाली आणि सगळं स्वच्छ निघालं. पुन्हा केली, पुन्हा स्वच्छ. मुलगा परत आला तो थेट जिन्याखाली. बोलायचं ते बोलला.

संध्याकाळी ताई गोविंदरावांच्या घरी गेल्या आणि त्यांच्या बायकोला, सरूबाईंना, एवढंच म्हणाल्या, "काकू, ते बाटली दाखवा न मले."

सरूबाईंनी फडताळातून बाटली काढली. "घासून धुतलती व माय. हे दर सोमवारी महादेवाले दूध न्याची बाटली. घरात बुचाची दुसरी नोती."

ताईंनी ती उजेडाकडे धरली. बुचाच्या आत आणि गळ्याच्या वळणात दुधाची पिवळट साय वाळून बसली होती. लघवीत उतरलं ते प्रोटीन गाईचं होतं, गोविंदरावांचं नव्हतं.

गाव महिनाभर हसलं. कुणी म्हणे महादेवच पावला, कुणी म्हणे मुतवाल्या बाईनं दुधाचं दही लावलं. कुठलाही अहवाल वाईट आला की लोक म्हणू लागले, "दुधाची बाटली असंन." ताईंनी त्यानंतर दोन गोष्टी केल्या. गोविंदरावांच्या दारात, शेजारपाजार ऐकेल अशा आवाजात, "चूक माही होती, बाटली मी पाह्यली नाई," असं सांगितलं. आणि स्वतः उकळून, वाळवून, बूच लावून ठेवलेल्या बाटल्या पेशंटला द्यायला सुरुवात केली. शिवाय तेव्हापासून त्यांच्या तोंडी एक वाक्य बसलं: "एकदा दिसलं ते पाहुणं. तीनदा दिसलं ते घरचं." ताप, उन्हातली मेहनत, एवढ्यानंही एखाद्या दिवशी ढग येऊन जातो. म्हणून काही दिवसांच्या अंतराने तीनदा पाहायचं.

ताईंच्या मनात एक प्रश्न होता आणि तो त्यांना सोडत नव्हता. तो डोळ्यांच्या शिबिरांमुळे आला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनाआधी म्हाताऱ्या माणसांची लघवी तपासावी लागे. आसपासच्या खेड्यांतून माणसं येत, त्यांतली बरीच धडधाकट असत. साखर नाही, सूज नाही, मूत्रपिंडाची तक्रार नाही. तरी काहींच्या नळीत अगदी हलकासा ढग दिसे. डॉक्टरसाहेब 'किंचित'कडे पाहतही नसत. ऑपरेशन व्हायचं, माणूस चष्मा लावून घरी जायचा. आणि मग वर्ष-दोन वर्षांनी बाजाराच्या दिवशी कुणीतरी सांगायचं, अमक्याच्या छातीत कळ आली आणि गेला.

"पयले एक-दोनदा वाटलं, वय झालतं," ताई मला म्हणाल्या. "पण ढगवाले जास्त जाऊन राह्यले, असं मले वाटते. वाटते म्हणतो, भाऊ. मी काही मोजलं नाई."

त्यांनी डॉक्टरसाहेबांना विचारलं तेव्हा ते हसले होते. "कुसुमबाई, लघवी खाली असते, काळीज वर असते. तुम्ही नळी पाहा, काळजाचं मी पाहतो."

ताईंना हसण्याचं काही वाटलं नाही. उत्तर मिळालं नाही याचं वाटलं. वाचनालयात एका निवृत्त शिक्षकांनी दिलेलं शरीरशास्त्राचं जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, ते मी काढलं. चार-पाच दुपारी मी एकेक परिच्छेद वाचून मराठीत सांगत होतो आणि ताई समोर बसून ऐकत होत्या. मूत्रपिंडात केसाहून बारीक अशा रक्ताच्या नळ्यांचे लाखो गुंते असतात आणि रक्त तिथेच गाळलं जातं, इथवर आलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

"थांबा. म्हणजे चाळणी वेगळी नाईच. रक्ताच्या नळ्यांचीच चाळणी?"

"तसंच म्हटलंय."

"अन काळजाले रक्त कोण पुरवते? नळ्याच न?"

"नळ्याच."

त्या म्हणाल्या, "मंग डॉक्टरसाहेबानं वर-खाली कशाले केलं? रक्ताले थोडीच माहीत आहे, आपण वर हाव का खाली हाव."

पुढे काही वर्षांनी शिबिरासाठी आलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितलं की दिव्यावर दिसतही नाही इतकं थोडं प्रोटीन आता यंत्रानं पकडता येतं, आणि म्हाताऱ्या माणसांच्या हृदयाची काळजी करताना मोठे डॉक्टर तेही पाहू लागले आहेत. ताई धावत वाचनालयात आल्या. मला वाटलं, आता म्हणतील, पाहा, मी म्हणत होते. पण त्या म्हणाल्या, "मले जे ढग दिसत नोते, तेही होते म्हणजे! किती जणाले मी 'काही नाई' लिहून देल्लं असंन, भाऊ?"

आमच्या अण्णांची गोष्ट याच्या थोडी आधीची. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, तांब्यापितळेचं, नंतर स्टीलचं. सत्तरीला टेकले होते, पण रोज दुकानात जात आणि कुणाचं ऐकत नसत. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी त्यांची तपासणी झाली. ताईंनी अहवालावर 'किंचित' लिहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अण्णाले दोनदा अजून बाटली द्याले लावजा."

अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सांग तिले, माही बी दुधाचीच बाटली होती."

मी हे ताईंना शब्दशः सांगायला नको होतं, पण सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. अण्णांनी लाजेपायी घरचीच बाटली नेली होती, त्यामुळे खात्रीने 'नाही' म्हणायला ताईंकडे काही नव्हतं. गोविंदरावांच्या मुलाचे शब्द त्यांना आठवले असतील. पुन्हा चूक निघाली तर गाव हसेल, आणि या वेळी डॉक्टरसाहेब जिन्याखालची खोलीही काढून घेतील, अशी भीती असेल. आठवडाभर त्यांनी तो विषय टाळला.

रविवारी सकाळी त्या आमच्या ओसरीवर आल्या. पिशवीतून उकळलेली बाटली काढून शेजारी ठेवली आणि बसल्या. अण्णा झोपाळ्यावर होते.

"काऊन आली बाई?"

"बाटली घ्याले."

"मी देत नाई."

"नका देऊ. मी बसतो. आज रविवार आहे, मले सुट्टी आहे."

माझी बायको आत पदराने तोंड दाबून हसत होती. चहा झाला. ताईंनी चहाही उजेडाकडे धरून पाहिला. तास गेला. अण्णांना आत जायचं होतं हे त्यांच्या बसण्यावरून दिसत होतं, पण बाईसमोरून उठून मोरीकडे जाणं म्हणजे हार होती. शेवटी तेच चिडून म्हणाले, "अवो, पण मले काही होतच नाई न! पाय सुजले नाई, दम लागत नाई. डोळ्याचं ऑपरेशन आहे, डोळ्याचं पाहा."

"अण्णा, एक विचारू? दुकानाचं आहे."

दुकानाचं म्हटल्यावर अण्णा सरळ बसले.

"पितळेच्या पातेल्यात एका जागी कल्हई उडालेली दिसली, त गिऱ्हाइकाले तुम्ही काय सांगता? तेवढ्याच जागी लावून घ्या म्हणता?"

"तेवढ्याच जागी कशी लावीन? अख्खं पातेलं कल्हईवाल्याकडं न्या म्हणतो. एका जागी उडाली म्हणजे बाकीची पातळ झालेलीच असते. दिसत नाई एवढंच. अन मंग त्यात आंबट ठेवलं का..."

बोलता बोलता अण्णा थांबले. झोपाळाही थांबला. ताई खाली पाहत पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. जिंकल्यावर माणसाने कुठे पाहावं हे त्यांना चांगलं कळत होतं.

"आण ते बाटली," अण्णा म्हणाले.

तिन्ही वेळा ढग आला. घरचा. वर्ध्याला नेलं तेव्हा रक्तदाब भलताच वाढलेला निघाला. हृदयाच्या रक्तवाहिन्याही अरुंद झाल्या होत्या. औषधं सुरू झाली, लोणचं-पापड गेले, सकाळचं वेणा नदीच्या पुलापर्यंतचं चालणं आलं. अण्णा त्यानंतर अकरा वर्षं जगले. दुकानात कुणी ताईंचं नाव काढलं की म्हणत, "त्या बाईनं माह्याच तोंडून वदवलं."

मी एकदा ताईंना म्हणालो, "तुमच्यामुळे अण्णा वाचले."

त्या माझ्यावर जवळजवळ रागावल्याच. "असं म्हणू नोका. औषध न घेतलेले दुसरे अण्णा आणून दाखवा, मंग सांगतो. केळझरची एक आजी मले माहीत आहे, दहा वर्षं ढग घेऊन टणटण फिरून राह्यली, दर चतुर्थीले गणपतीच्या पायऱ्या चढते. ढग सांगते का पाहा म्हणून. मरते का जगते, ते ढगाले माहीत नाई."

इतकं बेताने बोलणारी माणसं मी पुस्तकांबाहेर कमीच पाहिली.

दोन हजारच्या दशकात डॉक्टरसाहेबांनी यंत्र आणलं, पट्ट्या आणल्या. पट्टी बुडवायची, रंग पाहायचा. जिन्याखालच्या खोलीत दोन मुली आल्या. ताईंनी त्यांना सगळं शिकवलं आणि त्या घरी बसल्या. दिवा, नळ्या उभ्या ठेवायची घोडी आणि पुठ्ठा डॉक्टरसाहेबांनी त्यांना देऊन टाकला. पुठ्ठ्यावर मी शेवटचं नेऊन दिलेलं पान तसंच होतं. मधमाश्यांवरच्या एका बाद पुस्तकातलं. ताईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत तो पुठ्ठा उभा असे. मी पहिल्या सोमवारी आता पानाऐवजी अख्खं पुस्तक घेऊन जात असे. ताई पोळ्या लाटत असत आणि मी वाचून दाखवत असे. समोर ते पान असायचं.

अशाच एका सोमवारी सकाळी मी गेलो तर ओट्यावर दिवा पेटवलेला होता.

"बरे आले," ताई म्हणाल्या. "माह्या डोळ्यात मोतीबिंदू पिकून राह्यला. ऑपरेशनच्या पयले आपली आपण तपासतो म्हटलं. पण मले आता सारंच गढूळ दिसते. नळी गढूळ का डोळा गढूळ, काही समजत नाई." त्या हसल्या. "तुम्ही वाचा."

त्यांनी नळी तापवली, अंदाजाने थेंब टाकले आणि नळी पुठ्ठ्यापुढे धरली. मी वाकून पाहिलं आणि वाचलं, "राणीमाशी पोळ्याबाहेर सहसा पडत नाही. कामकरी माश्या तिला भरवतात आणि तिची स्वच्छता राखतात."

"साफ दिसलं?"

"साफ."

ताई नळी तशीच धरून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "भाऊ, चष्मा कुठी आहे तुमचा?"

मी खिशाला हात लावला. चष्मा ओट्यावर, माझ्या पुस्तकावर पडलेला होता. आल्या आल्या घाम पुसायला काढला होता आणि तिथेच ठेवला होता. त्याच्याशिवाय मला तेवढं बारीक अक्षर लागतच नाही. पण अर्धं गढूळ दिसणाऱ्या त्या डोळ्यांनी माझा चष्म्याविना चेहरा टिपला होता.

"पाठ आहे तुमाले," त्या म्हणाल्या. "दुसरं पान घ्या."

मी चष्मा लावला. सोबत आणलेलं पुस्तक नवं होतं, मीही अजून उघडलेलं नव्हतं. मधलंच एक पान उघडून पुठ्ठ्याला टेकवून धरलं. ताईंनी नळी पुढे आणली.

मी पाहत राहिलो. वेळ लावला असणार, कारण त्या म्हणाल्या, "सांगा न जी. मी का लहान हाव?"

"ओळी दिसतात," मी म्हणालो. "अक्षरं लागत नाहीत."

"किती ओळी?"

"सात."

"म्हणजे किंचित नाई. त्याच्या वरचं आहे." त्यांनी नळी घोडीत ठेवली, दिव्यावर टोपी घातली आणि पोळ्यांकडे वळल्या. मग पुन्हा मागे वळून म्हणाल्या, "आज पाहुणं समजू. शुक्रवारी येजा. नवं पान आणजा."

मी शुक्रवारी गेलो, पुढच्या मंगळवारी गेलो. दोन्ही वेळा नवं पान, दोन्ही वेळा चष्मा. दोन्ही वेळा तेच.

त्यांची मुलगी वर्ध्याला होती. तिच्याकडे राहायचं, तिथे हृदयाचं आणि डोळ्याचं दोन्ही दाखवायचं, असं ठरलं. बसस्थानकावर मी पोचवायला गेलो. उन्हं चढायची होती. ताईंच्या हातात एक पिशवी आणि पाण्याची प्लास्टिकची बाटली होती. गाडी लागायला अवकाश होता. मला कितीतरी दिवस सांगायचं होतं ते तिथे सांगून टाकलं.

"ताई, त्या दिवशी मी खोटं नाही बोललो. मला खरंच वाटलं, मी वाचतोय."

"मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून त पान बदलाव लागते. लबाडी करणारा मानूस बरा, त्याले निदान माहीत असते."

गाडी लागली. त्या खिडकीशी बसल्या. वर्ध्याच्या दवाखान्यात नंबर लागायला किती वेळ लागतो, तिथले डॉक्टर यंत्रानं पाहतात की दिव्यावर, यंत्राला ढग दिसतो की नुसता आकडा, असं काहीबाही विचारत होत्या. "तिथेच विचारा," मी म्हणालो. "विचारून येतो न मंग," त्या म्हणाल्या. "तुमाले सांगीन."

त्या परत आल्या नाहीत. वर्ध्याला दीड वर्ष राहिल्या. औषधं चालू होती, डोळा चांगला झाला होता आणि नव्या डोळ्याने त्या रोज पेपर वाचत होत्या, असं मुलगी सांगते. एका सकाळी चहा घेता घेता गेल्या. पेला रिकामा होता की भरलेला, हे मी तिला विचारलं नाही. ताईंनी विचारलं असतं.

मला ताई शेवटच्या दिसल्या त्या वर्ध्याच्या गाडीत. कंडक्टरने घंटी दिली. ताईंनी पाणी प्यायला बाटली उचलली, तोंडाशी नेण्याआधी खिडकीतल्या उजेडाकडे धरली आणि पाण्यातून एका डोळ्याने पाहिलं. त्यांच्या समोर नेमका मी उभा होतो. गाडी हलली. बाटली तशीच वर होती.

माझा हात आपोआप डोळ्यांकडे गेला. चष्मा लावलेला होता.